न बघता दिलेला होकार

आमच्याकडे पाहुणे आले, जेवणं झाली आणि बोलण्यात जरा खंड पडला की हेमंत खुर्चीत मागे रेलतो. मला तेव्हाच कळतं, आता ती गोष्ट येणार. "हिने मला न बघता होकार दिला," तो म्हणतो, आणि समोरच्यांनी "म्हणजे?" असं विचारेपर्यंत थांबतो. ते विचारतातच. मग मी उठून ताटं गोळा करायला लागते. लोकांना वाटतं मी लाजते. मी मुळात कमी बोलणारी, त्यामुळे माझं गप्प राहणं कोणाला खटकत नाही. पण ते लाजणं नाही. ती गोष्ट पुरती खरी नाही, आणि ती कुठे खोटी आहे हे एकट्या मला ठाऊक आहे. इतकी वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही. हे प्रकरण छापायला जाण्याआधी मी ते हेमंतला वाचून दाखवणार आहे. निदान आज, लिहायला बसताना, तसं ठरवलंय खरं.

तेव्हा मी जपानमध्ये, त्सुकुबाला, ताईकडे राहत होते. जिजाजी तिथल्या एका संशोधन संस्थेत धातूंवर काम करायचे, आणि मी विद्यापीठात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला, भाताच्या रोपांच्या डीएनएवर. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, दोन खोल्या, मधे सरकतं दार, आणि एक स्वयंपाकघर, ज्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पोट आत घ्यायचं. हिवाळ्यात तिकडे इतका कोरडा वारा सुटतो की बाल्कनीत वाळत टाकलेले टॉवेल पापडासारखे कडक होऊन घरात यायचे. रॉकेलचा हीटर पेटण्याआधी म्हाताऱ्या माणसासारखा खाकरायचा. रॉकेलची गाडी गाणं वाजवत रस्त्यावरून गेली की ताई हातातलं काम टाकून, कणीक लागलेल्या हातांनी डबा घेऊन जिने उतरत पळायची. आणि दिवस कलला की नगरपालिकेच्या भोंग्यावरून एक संथ धून वाजायची, मुलांनी आता खेळ थांबवून घरी जावं म्हणून. ताई ती धून ऐकून देवापुढे दिवा लावायची. "आपल्याला शंख नको नि घंटा नको," म्हणायची, "नगरपालिका आहे."

ती संक्रांत होती. गूळ मिळायचा नाही, म्हणून ताई ओकिनावाच्या काळ्या साखरेचा पाक करून तिळाचे लाडू वळायची. पाक कधी नरम पडायचा नाही. लाडू काळेभोर आणि असे टणक व्हायचे की जिजाजी एक हातात घेऊन म्हणायचे, "हा मी सोमवारी संस्थेत नेतो. याची कठीणता मोजायला हवी." ताई म्हणायची, "मोजा, आणि परत आणा. मोजून केलेले लाडू आहेत." हळद मात्र अस्सल होती. आईने पुण्याहून कुटून, दोन पिशव्यांत घालून, वर तिसरी पिशवी बांधून पाठवलेली. तरी आमच्या कपाटातल्या सगळ्या टॉवेलांना तिचा वास लागला होता.

हळदीबरोबर आईने स्थळही पाठवलं होतं. मुलगा पुण्याचाच, तोक्योत एका आयटी कंपनीच्या कामावर आलेला. तिथेच कोतो भागात भाऊ-वहिनींकडे राहतो, वय बरोबर, पत्रिका जमते. फोटो ईमेलने आला. कुठल्याशा गडावर दहा-बारा मुलं उभी होती आणि त्यातला टोपी घातलेला तिळाएवढा एकजण म्हणजे हा. मला लग्नच नको होतं असं नाही. पण पीएचडी अर्धी सोडून डबे भरणाऱ्या दोघीतिघी मी तिथेच पाहिल्या होत्या. त्यातली एक मला बसमध्ये भेटली की माझ्या कामाबद्दल इतकं बारीक विचारायची की मला उतरायचा स्टॉप कधी येतो असं व्हायचं. मी ताईला सांगून टाकलं, "शनिवारी येऊ देत, पोहे खाऊ देत. रविवारी संध्याकाळी आईचा फोन आला की मी नाही म्हणणार आहे."

ताई म्हणाली, "अगं, निदान मुलगा नीट बघ तरी. मग नाही म्हण."

"बघते," मी म्हटलं. तेवढा शब्द मी तिला दिला होता.

शनिवारी दुपारी ती दोघं आली. वहिनी पुढे, ठसठशीत, दारातच "अय्या, तुमच्याकडे किती शांत आहे हो" म्हणणाऱ्या. मागे हेमंत. त्याला सर्दी झाली होती, आणि जपानी ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे त्याने तोंडावर मास्क लावला होता. मास्कवर चष्मा होता आणि चष्म्यावर वाफ. कपाळापासून भुवयांपर्यंतचा एक चांगला उमेदवार आत आला, वाकला आणि मास्कमधून काहीतरी म्हणाला. ताईने तिळगूळ दिला तर त्याने तो खिशात ठेवला. "नंतर खातो. तुम्हा सगळ्यांना लागण नको." जिजाजींनी कामाचं विचारल्यावर मात्र तो नोकरीच्या मुलाखतीसारखा बोलत राहिला. मॉड्यूल, डिलिव्हरी, क्लायंट-साइड. मी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने वहिनींना हळदीकुंकू लावलं, वहिनींनी तिला लावलं, आणि मग दोघींनी मिळून मलाही.

बोलणं संपलं. हीटर खाकरला. वहिनींनी विचारलं, "तुम्ही लॅबमध्ये नक्की काय बघता हो?"

"डीएनए. अंधारात, यूव्हीच्या दिव्यावर. चमकतं ते."

"अय्या. आणखी काय काय चमकतं?"

मी कमी बोलते. पण त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे. कदाचित नाही म्हणायचंच आहे तर मग कशाला जपायचं, असं वाटलं असेल. मी म्हटलं, "हळद चमकते." आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम एकमेकांच्या कपाळाकडे पाहिलं.

जिजाजी पोहे करायला घरी थांबले आणि आम्ही चौघं ताईच्या छोट्या गाडीतून लॅबला गेलो. शनिवार होता, मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. डीएनए बघायची खोली म्हणजे काळा पडदा लावलेलं एक कपाटच. मधे टेबलावर ते यंत्र, काचेचा तक्ता आणि त्याच्याखाली दिवे. वर पिवळट प्लास्टिकचं झाकण. झाकण उघडायचं तर तोंडावर शील्ड घालायचं हा नियम मला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता, आणि मी तो नंतर आलेल्या दोन मुलींना शिकवलाही होता. शील्ड होतं, पण एकच.

इथे आमच्यातलं मानपान आडवं आलं. एकच वस्तू असली की ती मुलाकडच्यांना द्यायची. याबद्दल आम्हा दोघी बहिणींत चर्चासुद्धा झाली नाही. मी शील्ड वहिनींपुढे धरलं. वहिनी म्हणाल्या, "छे, माझा अंबाडा मोडेल, आणि कुंकू पुसेल ते वेगळंच. बघायला आलोय ते कुंकूच. भाऊजींना द्या." हेमंत म्हणाला, "नको नको, ताईंना द्या." ताई म्हणाली, "मी मुलीची बहीण, मी कसली घालतेय? घाला तुम्ही." शेवटी मुलाचा मान म्हणून मास्क, त्यावर चष्मा, त्यावर शील्ड असा हेमंत तयार झाला आणि चंद्रावर उतरायला आल्यासारखा दाराशी उभा राहिला. मी मनात म्हटलं, दोनच मिनिटं. दोन मिनिटांत काय होतंय. आणि दिवा लावून झाकण उघडलं.

त्या खोलीत पुढे जे झालं ते मला अजूनही धड सांगता येत नाही, आठवून हसू येतं. ताईच्या कपाळावर हिरवटपिवळी ज्योत पेटली. कुंकू काळं, आणि त्याच्या शेजारी हळद अशी जळतेय की काजवा येऊन बसलाय. वहिनी हसल्या तर त्यांचे दातच तेवढे निळे दिसले, अधांतरी. हेमंतचा पांढरा शर्ट साबणाच्या जाहिरातीसारखा प्रकाशमान झाला, त्यावर डोकं नाही. "भाऊजी, तुमचं मुंडकं कुठाय?" वहिनी म्हणाल्या. ताईने पर्समधून हळदीची डबी काढली, का आणली होती देव जाणे, आणि आपल्या तळहातावर स्वस्तिक काढलं. ते हवेत फिरायला लागलं. वहिनींनी चिमूटभर फुंकली, तर काचेवर पिवळ्या चांदण्यांचा पाऊस. मग दोघींनी मिळून मुलाच्या शील्डला बरोबर मध्यभागी हळद लावली. हा तसाच उभा. फक्त म्हणाला, "माझं औक्षण पण करणार का?" त्याच्या तोंडचं ते पहिलं माणसासारखं वाक्य. मी टेबलाला धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आम्ही तिघी पुन्हा पुन्हा कपाळं खाली वाकवून, दिव्याच्या अगदी जवळ नेऊन एकमेकींकडे बघत होतो. मी म्हटलेली दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती.

हा उजेड लबाड असतो. तो डोळ्याला दिसत नाही, म्हणून डोळा त्याला बघून मिटत नाही. त्या वेळी दुखत तर काहीच नाही. बुबुळावर जो काचेसारखा पडदा असतो त्याचा वरचा पातळ थर भाजतो, उन्हात पाठ भाजावी तसा, आणि तुम्ही मजेत घरी जाता. मग काही तासांनी तो भाजलेला थर सुटायला लागतो आणि खालच्या नसा उघड्या पडतात. तेव्हा कळतं. मला हे सगळं माहीत होतं. मी ते शिकवलं होतं.

येताना वहिनींना शंभर येनचं दुकान दिसलं. संक्रांतीचं वाण म्हणून चहाची गाळणी घ्यायची की भांडी घासायचे स्पंज, यात दोघींनी उरलेली दुपार घालवली. मी आणि हेमंत बादल्यांच्या रांगेत उभे होतो. मास्क तसाच. तो म्हणाला, "तुम्हाला यात फार इंटरेस्ट नाहीये ना?" मी म्हटलं, "बादल्यांत?" तो म्हणाला, "हो, बादल्यांत," आणि पुढे काही बोलला नाही. मला दुकानातले दिवे जरा जास्तच पांढरे वाटले.

घरी पोचलो तेव्हा भोंग्यावर धून वाजत होती. जिजाजींनी पोहे वाढले. हेमंत माझ्या समोरच बसला होता. ताईने मला कोपराने ढोसलं, की आता बघ. त्याने हात वर नेला, मास्कची दोरी कानावरून सोडवली, आणि नेमक्या त्याच क्षणी कोणीतरी माझ्या दोन्ही डोळ्यांत मूठभर वाळू टाकली. मी डोळे गच्च मिटले. उघडायला गेले तर वाळू आणखी आत घासली गेली.

"कांदा जास्त झालाय," ताईचा आवाज आला, रडका.

"चारच घातलेत," जिजाजी म्हणाले.

"नाही, झणका आहे खरा," वहिनी नाक ओढत म्हणाल्या. "जपानी कांदा असा असतो?"

तिघी पोह्यांपुढे बसून घळघळा रडत होतो. जिजाजी नंतर म्हणायचे, मुलगी बघायला आलेल्या घरात असं रडणं मी लग्न लागल्यावर पाहिलंय, पोह्यांच्या वेळी नाही. मी डोळे मिटूनच सांगितलं, कांदा नाही, दिवा आहे. ताईने विचारलं, "म्हणजे तुला ठाऊक होतं असं होतं ते?" मी म्हटलं, "हो." त्या 'हो'चं ओझं मी पुढे बरेच दिवस वागवलं. ताईची, वहिनींची, आमच्या प्रोफेसरांची, सगळ्यांची मी इतक्यांदा माफी मागितली की शेवटी ताई म्हणाली, "शुभू, आता माफी मागितलीस तर पुन्हा दिव्यासमोर जाऊन बसेन." तेव्हा हा अपराध उघड होता, आणि फिटला. मी सांगायला बसले आहे तो वेगळा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जिजाजींनी गाडीतून नेलं. जिन्यावरून उतरताना हेमंत पुढे, त्याच्या खांद्यावर वहिनींचा हात, त्यांच्या खांद्यावर ताईचा, ताईच्या खांद्यावर माझा. जिजाजींची जपानी भाषा भाजीबाजारापुरती होती, म्हणून दवाखान्यात हेमंतच बोलला. तुम्ही नक्की काय करत होता, असं डॉक्टरांनी विचारलं. हेमंत खाकरला. मग अतिशय सभ्य, ऑफिसच्या जपानीत त्याने सांगितलं की आमच्याकडे विवाहित स्त्रिया हिवाळ्यात एकमेकींच्या कपाळाला मसाला लावतात, आणि आज तो विधी प्रयोगशाळेत झाला. डॉक्टरांचं पेन कागदावर चालल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "नारुहोदो." असं होय. वहिनींना इतकं हसू फुटलं की डोळ्यांत औषध घालायला त्यांना धरावं लागलं.

आधी बधिर करायचा थेंब घातला. स्वर्ग. मी म्हटलं, हीच बाटली द्या घरी न्यायला. हेमंतने उत्तर सांगितलं, "ही देत नाहीत. याने जखम भरायची थांबते." मग एक पिवळं औषध डोळ्यांत सोडून त्यांनी निळ्या उजेडात पाहिलं. जिथे जिथे थर सुटलाय तिथे ते हिरवं चमकतं. जिजाजींनी विचारून तेही वाकून बघितलं. "शुभू," ते म्हणाले, "तुझ्या बुबुळावर हळदीकुंकू झालंय." एक-दोन दिवसांत थर आपोआप भरून येईल, चोळायचं नाही, उजेड टाळायचा. मलम घालून, गॉझच्या घड्या चिकटवून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

अशा अवस्थेत वहिनींना गाडीत बसवून तोक्योला कोण नेणार. त्या दिवशी आतल्या खोलीत तीन फुतोन गाद्या ओळीने पडल्या आणि आम्ही तिघी त्यावर. बाहेर दोन पुरुष आणि एक कुकर. मी आयुष्यात इतकी सुखी क्वचित झाले असेन, हे लिहायला अजून चोरट्यासारखं होतं. डोळे ठणकत होते, आणि त्या ठणक्यातच सगळं काही विनोदी झालं होतं. जिजाजी विचारायचे, "हिंग आधी की मोहरी?" तिघी एका सुरात ओरडायचो, "मोहरी." मग वास यायचा. "जळली," वहिनी छताकडे तोंड करून सांगायच्या. "भाऊजी, गॅस बारीक करा. बारीक म्हणजे बंद नव्हे." जपानी तांदळाची खिचडी झाली ती चमच्याला सोडेना. हेमंतने आमच्यापुढे वाट्या धरल्या, आणि दर वाटीवर चमच्याने टिचकी मारली. कुठे आहे ते कळावं म्हणून. त्याचा आवाज आता मास्कशिवाय होता, जरा घोगरा आणि मुलाखतीतला अजिबात नव्हे. ताई माझ्या कानाशी कुजबुजली, "बघितलास?" मी म्हटलं, "कशाने बघू?" आणि उशीत तोंड खुपसून आम्ही हसत राहिलो, लहानपणी परीक्षेच्या आदल्या रात्री हसायचो तशा.

रविवारी सकाळी उठले तर वाळू गेली होती. मी दोघींपेक्षा जरा बाजूला उभी होते, म्हणून असेल. गॉझ एका कडेला सुटला होता. त्या फटीतून मला तातामीच्या काड्या दिसल्या, मग एक ताटली, आणि ताटली धरलेला हात. "लाडू घ्या," हेमंत म्हणत होता, "तुमच्या समोरच ताटली धरलीय." मी एक घेतला, खाल्ला. मला दिसतंय हे त्या वेळी सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर उठून बसावं लागलं असतं, केस बांधून, मुलगी म्हणून. मला अजून थोडा वेळ आंधळंच राहायचं होतं.

जिजाजी औषधाच्या दुकानात गेले होते. ताई आणि वहिनी पडल्या पडल्या कोणाच्या तरी डोहाळजेवणाबद्दल बोलत होत्या. सरकतं दार हातभर उघडं होतं. मी कुशीवर वळले, गॉझ बोटाने उचलला आणि पाहिलं. स्वयंपाकघरात हेमंत उभा होता, आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांवर रुमाल बांधला होता. हातात चहाचा ट्रे, कप रिकामे. तो एका हाताने भिंत चाचपत आमच्या दाराकडे यायला निघाला. दोन पावलं, तीन. मग नडगी बुटक्या टेबलाच्या कोपऱ्यावर अशी आपटली की मला पाय आखडून घ्यावासा वाटला. त्याने आवाज केला नाही. तोंड उघडून "आई गं" एवढं नुसतं ओठांनी म्हणाला, एका पायावर उभा राहिला, ट्रे सांभाळला, आणि एकटाच हसला. शनिवारी, चष्म्यावरची वाफ गेल्यावर, मी त्याचे डोळे पाहिले होते, बाकी काही नाही. आता बाकीचं पाहिलं, डोळे नाहीत. असा तो मला दोन हप्त्यांत बघायला मिळाला. मग त्याने रुमाल सोडला, टेबल उचलून भिंतीला लावलं, आमच्या सपाता एका रांगेत ठेवल्या, रॉकेलचा डबा वाटेतून हलवला, चहा केला, आणि आत येऊन म्हणाला, "आता कोणाला उठायचं असेल तर भिंतीला धरून सरळ या. मधे काही नाही." मी गॉझ दाबून धरला होता. चमच्याची टिचकी कपावर वाजली, मी हात पुढे केला, त्याने कपाचा कान माझ्या बोटांत दिला. मी दुसऱ्या खेपेला मुद्दाम हात चुकवला, म्हणजे त्याला पुन्हा द्यावा लागेल.

संध्याकाळी धून वाजली आणि पाठोपाठ आईचा फोन आला. ताईने चाचपडत रिसीव्हर माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "आई, हो."

"हो म्हणजे? बघितलंस का नीट?"

आता काय सांगू? बघितलं म्हणाले तर दिवसभर गॉझ लावून चहा पीत होते ते काय? मी म्हटलं, "नाही बघितलं. पण हो."

वहिनी टाळ्या पिटत उठल्या आणि दिशा चुकून सरकत्या दारावर आदळल्या. "न बघता," त्या म्हणत होत्या, "भाऊजी, हिने तुम्हाला न बघता पसंत केलं." तिथे ती गोष्ट जन्मली आणि माझ्या हातातून गेली. लग्नानंतर मी पीएचडी पुरी केली, अडीच वर्षं तोक्योहून त्सुकुबाला गाडीने ये-जा करून. पण ती गोष्ट मला कधी दुरुस्त करता आली नाही. हेमंतची नोकरी एकदा गेली, सात-आठ महिने घरी बसला, तेव्हा एकदा म्हणाला, "तू मला न बघता घेतलंस. मग मी काय घाबरू?" त्यानंतर तर खरं सांगणं म्हणजे त्याच्या खालची सतरंजी ओढण्यासारखं झालं.

इथवर लिहून झालं आणि गेल्या रविवारी मी त्याला वाचून दाखवलं. आमच्या कोतोच्या घरी, दहाव्या मजल्यावर. खाली पुलावरून गाडी जात होती. आमचा मुलगा त्याच्या खोलीत. मी शेवटचं वाक्य वाचलं आणि पानं पालथी ठेवली.

हेमंतने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "लाडू."

"काय लाडू?"

"ताटलीत सात लाडू होते. सहा लहान, आणि एक मोठा, कडेला. वहिनींनी चाचपून पहिला लागला तो घेतला. ताईंनी तसंच. तू हात घातलास तो थेट मोठ्यावर. वाटेत एकालाही बोट लागलं नाही."

मी पानं पुन्हा सुलट केली. "म्हणजे तुला सकाळपासून माहीत होतं?"

"हो."

"मग ते रुमाल बांधून चालणं?"

"दार मीच हातभर उघडं ठेवलं होतं." तो आता लाजत होता, या वयात. "तू नाही म्हणणार हे बादल्यांपाशीच कळलं होतं. म्हटलं, निदान बघू दे तरी."

वीस वर्षं मी जे जपून ठेवलं होतं ते त्याने मला दाखवायला म्हणून केलेलं. मला राग यायला हवा होता. मी म्हटलं, "आणि ते आपटणं? तेही मला दाखवायला?"

त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. नडगीवर नखाएवढा पांढरट वण. तो मी रोज पाहत आले आहे. सायकलवरून पडला असेल, असं धरून चालले होते.

"ते नव्हतं ठरवलेलं," तो म्हणाला. "रुमाल जाड होता गं."

मी हसायला लागले ते त्या काळ्या खोलीत हसले होते तसं, टेबलाला धरून. आतून मुलगा ओरडला, "उरुसाई." गोंगाट बंद करा, म्हणे. मी हसतच त्या वणावर बोट ठेवलं. त्या दोन दिवसांत खरोखर न बघता घडलेली गोष्ट एवढीच.